रिब रोस्ट कडेला करडा, मधे कच्चा आणि वर आंबट ग्रेव्ही: नेमकं कुठे बिघडतं?

रिब रोस्ट म्हणजे फासळ्यांसकट ओव्हनमध्ये अखंड भाजलेला बीफचा मोठा तुकडा, आणि त्यावर रेड वाईनची ग्रेव्ही. आधी लक्षणं. तुमचं दुखणं यातलं कुठलं ते बघा, कारण पुढे काय तपासायचं ते त्यावर ठरतं.

मांसाची:
- कापल्यावर कडेला दोन बोटं जाड करडा पट्टा आणि मधे लिंबाएवढा लाल गाभा.
- आतून बरोबर, पण वरचं आवरण फिकं, ओलसर, उकडल्यासारखं.
- रेसिपीतली वेळ कधीच उलटून गेली, तरी मधे थंडगार कच्चा. चरबी मेणासारखी.
- आरपार करडा आणि कोरडा.
- रंग सुरेख, पण चावताना वातड.
- सुरी लावताच पाटावर लाल रसाचं तळं.

ग्रेव्हीची:
- आंबट, वर जिभेला तुरट ओढ.
- कडवट.
- पाणचट, ताटात पळणारी.
- वर तेलाचा तवंग, किंवा खाली गुठळ्या.
- खारट.

ओळखीत कुणाचा रोस्ट फसला की फोन मला येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "रेसिपीप्रमाणेच केलं होतं गं." खरंच तसंच केलेलं असतं. फक्त रेसिपी लिहिणाऱ्याचा ओव्हन वेगळा, त्याचा तुकडा वेगळा आणि त्याचा थर्मामीटर बहुधा बरोबर. म्हणून माझं एकच सांगणं असतं. पुढच्या वेळी मसाला बदलू नका, महागातली वाईन आणू नका. आधी तुमच्या स्वयंपाकघरातले आकडे खरे आहेत का ते बघा. खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चाच्या आणि कटकटीच्या तपासणीपर्यंत आहे. मधलं काही गाळू नका.

१. घड्याळ बाजूला ठेवा

"किलोला अमुक मिनिटं" हा हिशोब या तुकड्याला लागू पडत नाही. उष्णता बाहेरून मध्यापर्यंत जाते, म्हणजे वेळ ठरते जाडीवर. दोन फासळ्यांचा रोस्ट आणि चार फासळ्यांचा रोस्ट यांची जाडी जवळपास सारखीच, चार फासळ्यांचा फक्त लांब असतो. वजन दुप्पट म्हणून वेळ दुप्पट केलीत की आरपार करडा रोस्ट मिळणार, दुसरं काही नाही. वेळेचा उपयोग जेवण कधी वाढायचं याचा अंदाज बांधण्यापुरता. साधारण तीन किलोच्या हाडासकट रोस्टला १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये साडेतीन ते साडेचार तास धरा, आणि थर्मामीटर पहिल्यांदा अडीच तासांनी लावा.

२. थर्मामीटर खरं बोलतोय का?

यालाही खर्च नाही आणि पाच मिनिटं पुरतात, तरी कुणी करत नाही. उंच ग्लास बारीक फोडलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच थंड पाणी ओता, ढवळा, दोन मिनिटं थांबा. टोक मधोमध धरा, ग्लासच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा ० यायला हवा. एखादा अंश इकडेतिकडे चालतो. मग उकळत्या पाण्यात बघा. समुद्रसपाटीला १००, आणि उंचीवर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी.

बर्फात ४ दाखवणारा थर्मामीटर मी पाहिला आहे. त्याची मालकीण दोन वर्षं ओव्हनला शिव्या देत होती. आकडा चुकत असेल आणि तो नीट करायची सोय नसेल, तर नवा घ्या. या सगळ्या उद्योगात पैसे टाकण्यासारखी पहिली वस्तू हीच.

३. टोक नेमकं कुठे आहे?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगते. थर्मामीटर वरून नाही, बाजूने घुसवायचा, कापलेल्या तोंडाकडून, मांसाच्या मोठ्या गोल भागाच्या मध्याच्या दिशेने. टोक हाडाला किंवा चरबीच्या जाड गाठीत अडकलं तर आकडा मांसाचा राहत नाही. आणि एका जागी टोचून समाधान मानायचं नाही. टोक हळूहळू आत सरकवत न्या आणि आकड्याकडे बघत राहा. कडेला ६८ दिसेल, मग ६१, ५५, ५१, ४९, आणि मग पुन्हा ५२, ५६ असा चढायला लागेल. चढायला लागला म्हणजे तुम्ही मध्य ओलांडलात. जो सगळ्यात खालचा आकडा दिसला तोच तुमचा रोस्ट. अशा दोनतीन जागा बघा आणि सगळ्यात कमी असलेला धरा.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी ५७ समजून रोस्ट बाहेर काढणार होते. टोक दोन बोटं मागे ओढलं तर ४६.

४. बाहेर कधी काढला?

ओव्हनमधून काढल्यावर शिजणं थांबत नाही. बाहेरच्या थरातली उष्णता आत जात राहते. २०० अंशांच्या वर भाजलेला मोठा तुकडा बाहेर आल्यावरही ५ ते ८ अंश चढतो, १२० वर भाजलेला जेमतेम २ ते ३. आरपार करडा रोस्ट मिळणाऱ्यांपैकी बरेच जण हवा तो आकडा ओव्हनमध्येच गाठतात आणि मग पाटावर ठेवून त्याच्याही पुढे जातात.

शेवटी कुठे पोचायचं? लालसर हवा तर ५० च्या आसपास, मऊ गुलाबी हवा तर ५४ ते ५७, फिकट गुलाबी हवा तर ६० ते ६३. साठीनंतर मांसातलं लाल रंगद्रव्य झपाट्याने करडं पडतं आणि ६५ च्या पुढे तंतू आवळून पाणी बाहेर ढकलतात. हा तुकडा मुळात मऊ, त्याला जास्त शिजवून काही पदरात पडत नाही.

मात्र अमेरिकेच्या कृषी खात्याची अखंड बीफसाठीची सुरक्षित मर्यादा ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती अशी आहे. पंगतीत गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर त्यांचा वाटा तिथपर्यंत न्या. तुकडा मऊ करण्यासाठी सुयांनी टोचलेला असेल तरीही तेच, कारण वरचे जंतू सुईबरोबर आत गेलेले असतात.

पाटावरच्या रसाच्या तळ्याचं कारणही इथेच आहे. कडक आचेवरून काढून लगेच कापलं की रस वाहतो. २० ते ३० मिनिटं थांबलं की तोच रस थोडा घट्ट होतो आणि मांसात टिकतो. फॉइलने गच्च गुंडाळू नका. आत वाफ धरते आणि खरपूस आवरणाचं सालटं होतं.

५. पृष्ठभाग कोरडा होता का?

फिकं, उकडल्यासारखं आवरण हे जवळजवळ नेहमी ओलाव्याचं काम. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या वर जावं लागतं. म्हणजे ओल्या रोस्टवर तुमचा ओव्हन आधी तासभर पाणीच वाळवत बसतो, तोवर आतला कडेचा भाग शिजून जातो.

उपाय फुकट आहे, फक्त आदल्या दिवशी आठवायला हवा. रोस्ट टिपून कोरडा करा, किलोला १० ग्रॅमच्या हिशोबाने मीठ चोळा आणि जाळीवर ठेवून उघडाच फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्या. दोन रात्री राहिला तर आणखी छान. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग त्या पाण्यात विरघळून परत आत शिरतं. म्हणून मीठ एक तर रात्रभर आधी लावा, नाहीतर ओव्हनमध्ये घालताना. थोडाच वेळ आधी लावलं तर पाणी नेमकं वर येऊन बसलेलं असतं.

भांडंही बघा. खोल भांड्यात तळाला टेकलेला रोस्ट स्वतःच्याच वाफेत बसतो. बुटक्या काठाचा ट्रे घ्या आणि त्यावर जाळी ठेवा.

जाता जाता, "रोस्ट दोन तास बाहेर काढून ठेवा" हा सल्ला मी सोडून दिला. एवढ्या जाड तुकड्याचा मध्य दोन तासांत दोनचार अंशच वर येतो, आणि दोन तासांपेक्षा जास्त ठेवणं धोक्याचं. मधे बर्फ उरलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फ्रीजरमधला रोस्ट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा, दर दोन-अडीच किलोला पूर्ण दिवस धरा. मध्य थंडगार कच्चा राहण्यामागे कित्येकदा एवढंच असतं.

६. ओव्हनची परीक्षा

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो मधल्या जाळीवर ठेवा. १८० लावा, अर्धा तास तापू द्या, मग दर दहा मिनिटांनी एकदा, असे पाच आकडे कागदावर लिहा. आकडे वरखाली होणारच, कारण ओव्हन सतत पेटत-विझत राहतो. सरासरी काढा. सरासरी २०० आली तर तुमचा ओव्हन २० ने पुढे आहे. बटणावर तितकं कमी लावा, काम झालं. पंखा चालू ठेवत असाल तर रेसिपीतल्या आकड्यातून आणखी २० वजा करा.

दाराचं रबरही तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. किंचित अडत निघाली तर ठीक, सुळकन निघून आली तर तिथून उष्णता गळतेय. चारही बाजूंनी करा.

७. मग पद्धत बदला

वरचं सगळं नीट आहे आणि तरी करडा पट्टा जात नाही, तर दोष कडक आचेचा. २२० वर बाहेरचा भाग ७० ला पोचतो तेव्हा मध्य ३० वर रेंगाळत असतो. हा फरक कमी करायचा म्हणजे आच मंद करायची. ११० ते १२० वर ठेवा, मध्य ५० ते ५१ झाला की काढा, अर्धा तास राहू द्या. मग ओव्हन २५० किंवा असेल तेवढा वर नेऊन सहा ते दहा मिनिटं फक्त रंगासाठी आत ढकला. इथे डोळ्यात तेल घालून उभं राहायचं, कारण खरपूस आणि करपलेलं यात दोन मिनिटांचं अंतर असतं. या पद्धतीत शेवटी पुन्हा थांबायला लागत नाही, पाचेक मिनिटांत कापायला घ्या.

रंग बरोबर आणि तरी वातड? आधी कापणं बघा. तंतू कुठल्या दिशेने धावतात ते बघून त्यांना आडवं, पातळ कापा. तरी फरक पडला नाही तर तुकडाच तसा. गाय-बैलाला फासळ्यांच्या १३ जोड्या असतात आणि हा रोस्ट साधारण सहाव्या ते बाराव्या फासळीमधला. खांद्याकडच्या टोकाला चरबी आणि चिवट पडदे जास्त, कमरेकडच्या टोकाला एकसंध मऊ मांस. पुढच्या वेळी खाटकाकडे कमरेकडच्या तीन फासळ्या मागा.

आता ग्रेव्ही

मंद आचेवर रोस्ट करायला लागलात की एक नवी अडचण उभी राहते, आणि ती कुणी आधी सांगत नाही. ट्रेमध्ये खरवडायला काही उरत नाही. थोडी स्वच्छ चरबी, दोन चमचे रस, बस. त्यावर अर्धी बाटली वाईन ओतली की जे होतं ते म्हणजे गरम आंबट वाईन. म्हणून ग्रेव्ही आदल्या दिवशी वेगळी करून ठेवा. मांसाची छाटण आणि एखादं हाड जाड बुडाच्या पातेल्यात चांगलं तांबूस परता, मग कांदा, गाजर, सेलरी, चमचाभर टोमॅटो पेस्ट. पातेलं आचेवरून बाजूला घेऊन त्यात अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिली रेड वाईन ओता. पेटत्या गॅसवर ओतलीत तर अल्कोहोलच्या वाफा भडकतात. परत आचेवर ठेवून पाव होईपर्यंत आटवा, मगच लिटरभर बिनमिठाचा स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं पाणी) घाला आणि तासभर मंद ठेवा. गाळून घ्या. वाढायच्या वेळी ट्रेमधला रस चरबी काढून यात मिसळा.

आंबट-तुरट लागत असेल तर क्रमाने बघा. पातेलं कसलं आहे? उघडं ॲल्युमिनियम किंवा लोखंड असेल तर वाईनच्या आम्लाने धातूची चव उतरते. स्टील किंवा एनॅमल वापरा. दुसरं, वाईन स्टॉकच्या आधी आटली होती की नंतर? इथे एक गैरसमज आहे. आटवल्याने अल्कोहोल आणि कच्चा वास जातो, पण आम्ल आणि तुरटपणा जागेवरच राहतो, उलट दाट होतो. म्हणून तयार ग्रेव्ही "अजून थोडी आटवू" म्हणत राहिलात तर ती आणखी आंबट होईल. तुरटपणा मऊ होतो तो स्टॉकमधल्या प्रथिनांमुळे, म्हणून स्टॉक वाढवा. शेवटी आच बंद करून थंड लोण्याचे दोन-तीन तुकडे फेटून घाला. साखर चिमूटभर चालेल, चमचाभर नको. तिसरं, बाटली. भरपूर तुरट, लाकडी पिंपात मुरलेली वाईन आटल्यावर कडवट होते. मर्लो किंवा पिनो न्वार या द्राक्षांची वाईन जास्त सुरक्षित. "कुकिंग वाईन" नावाने मिळते तिच्यात मीठ घातलेलं असतं, तिच्या वाटेला जाऊ नका.

अल्कोहोल पूर्ण उडतं असं समजू नका. अर्धा तास उकळल्यावरही घातलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश उरतं, अडीच तासांनी सुमारे ५ टक्के. मद्य न घेणारं कुणी जेवायला असेल तर आधी सांगा.

कडवट असेल तर तळ करपलाय. वाईन ओतण्याआधी तळाचा कण बोटावर घेऊन चाखायची सवय लावा. तांबूस चालतं, काळं नाही. करपलेल्यावर उपाय नाही, फेकून द्या आणि स्वच्छ पातेल्यात परत सुरू करा.

पाणचट असेल तर आधी कॉर्नफ्लोअर. पाव लिटरला एक मोठा चमचा, थंड पाण्यात कालवून, उकळत्या ग्रेव्हीत. मिनिटभर उकळी आली पाहिजे, नाहीतर घट्टही होत नाही आणि पिठूळ लागते. त्यापुढे उकळत ठेवलं तर पुन्हा पातळ. मैदा-लोणी वापरत असाल तर अर्ध्या लिटरला ३०-३० ग्रॅम. ओठांना चिकटणारा दाटपणा हवा आणि स्टॉक बाजारचा पातळ असेल, तर अर्ध्या लिटरला ७-८ ग्रॅम जिलेटिन थंड पाण्यात भिजवून घाला. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो.

गुठळ्या गाळणीतून घालवा. तवंग पळीने काढा, मग दोन चमचे पाणी घालून जोरात फेटा. खारट झाली तर बिनमिठाचा स्टॉक वाढवा. बटाटा टाकायचं सोडा, तो पाणी शोषतो आणि त्याबरोबर त्यातलं मीठ, उरलेली ग्रेव्ही होती तितकीच खारट राहते. मुळात मीठ सगळ्यात शेवटी घाला, कारण अर्धी आटली म्हणजे खारटपणा दुप्पट.

आत्ता पाहुणे बसलेत आणि रोस्ट कच्चा निघाला? न कापलेला भाग १२० च्या ओव्हनमध्ये परत ठेवा. कापलेले काप उकळत्या नव्हे, नुसत्या गरम ग्रेव्हीत मिनिटभर बुडवा. करडा झालेला रोस्ट मागे आणता येत नाही. पातळ कापा, ग्रेव्ही सढळ हाताने घाला आणि काही बोलू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

मांसाला आंबूस किंवा कुजकट वास असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल, तर तपासणी संपली. मसाल्याने झाकून शिजवू नका. फासळ्यांना जोडलेलं पाठीच्या कण्याचं हाड तोडायचं असेल तर ते खाटकाकडून करवतीने कापून आणा. घरच्या सुरीने ते करताना तळहात फाटलेला मी पाहिला आहे.

ओव्हन तासाभरातही लावलेल्या आकड्याला पोचत नसेल, आकडे ३० अंशांपेक्षा जास्त वरखाली उड्या मारत असतील, विजेच्या ओव्हनची एखादी कॉइल लाल होत नसेल किंवा ओव्हन लावला की एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडत असेल, तर मागचं पत्र्याचं झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका. गॅसच्या ओव्हनची ज्योत निळीऐवजी पिवळी, काजळी धरणारी असेल तर बंद करा. गॅसचा वास आला तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन फोन करा.

मेकॅनिक आला की "नीट भाजत नाही" एवढंच सांगू नका. तुम्ही लिहिलेले ते पाच आकडे आणि कागदाची पट्टी कुठल्या बाजूने सुळकन निघाली ते त्याला दाखवा.